स्तनातली गाठ: हाताला लागल्यापासून रिपोर्ट हाती येईपर्यंत

बोटाला नखुरडे झाले तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी उठून पहिल्यांदा दवाखाना गाठतो. स्तनात सुपारीएवढी गाठ सापडली तर मात्र ती दुखत नाही एवढ्याच कारणाने महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीच्या काळात बहुतेक वेळा दुखत नाही, आणि पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखणारा, जड वाटणारा स्तन बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. आपल्या घरांतला हिशेब नेमका याच्या उलट चालतो. ‘दुखत नाही ना, मग असू दे’ हे वाक्य सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या जणी धीर देण्यासाठी म्हणतात, आणि त्या धीरातच उपचाराचा सोपा काळ निघून जातो.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. दुसरीकडे, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ या वयोगटातल्या ज्या स्त्रियांची स्तनतपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती, त्यांचे प्रमाण देशभरात अवघे ०.९ टक्के निघाले. म्हणजे शंभर जणींमागे एकही नाही. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक वेळा गाठ सर्वांत आधी त्या बाईच्या स्वतःच्या हाताला लागते, आणि त्यानंतरचे दिवस कसे जातात यावर पुढचे पुष्कळ काही ठरते. दोन सेंटिमीटरची गाठ असताना सहसा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते. तीच गाठ कातडीपर्यंत किंवा काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचली की उपचार लांबतात, खर्च वाढतो आणि खात्री कमी होते. हा लेख मुख्यतः त्या मधल्या दिवसांसाठी आहे.

पहिली पायरी: आपला नेहमीचा स्तन ओळखणे

महिन्यातून एकदा ठरावीक पद्धतीने स्वतःची तपासणी करा, असा उपदेश अनेक वर्षे केला गेला. शांघायमधील कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्री कामगारांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि अशी तपासणी काटेकोरपणे शिकवल्याने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या तपासण्या मात्र वाढल्या, असे त्यात दिसले. तेव्हापासून तज्ज्ञांचा भर कवायतीसारख्या मासिक तपासणीवरून ‘स्तनाची जाण’ असण्याकडे वळला आहे. आपले स्तन नेहमी कसे दिसतात, हाताला कसे लागतात, पाळीच्या आधी किती भरतात, कोणता मुळातच थोडा मोठा आहे, हे माहीत असले म्हणजे बदल लवकर लक्षात येतो. माझ्या मते हा निष्कर्ष आपल्याकडे थोडा जपून वाचला पाहिजे. जिथे मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र काढण्याचे, यंत्र तालुक्यातही नाही, तिथे स्वतःच्या हाताइतके जवळचे साधन दुसरे नाही. मात्र ते साधन भीतीने रोज चाचपण्यासाठी वापरू नये. ओळख राहावी म्हणून वापरावे.

पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान स्तन सर्वांत मऊ असतात, म्हणून तेव्हा पाहावे. पाळी गेलेल्या, गरोदर किंवा गर्भाशय काढलेल्या स्त्रियांनी महिन्याची एक तारीख ठरवून घ्यावी. संकष्टी किंवा पौर्णिमा लक्षात राहत असेल तर तीही चालेल.

प्रथम कमरेपर्यंतचे कपडे काढून उजेडात आरशासमोर उभे राहावे. हात खाली सोडून, मग डोक्यावर उचलून, मग कमरेवर घट्ट दाबून, अशा तीन स्थितींत पाहावे, कारण कातडी आत ओढली गेली असेल तर ती खळी हात वर केल्यावर किंवा छातीचे स्नायू आवळल्यावरच स्पष्ट दिसते. त्यानंतर आंघोळीच्या वेळी साबणाच्या ओल्या हाताने किंवा पाठीवर झोपून, ज्या बाजूचा स्तन तपासायचा त्या खांद्याखाली उशी घेऊन आणि तो हात डोक्याखाली ठेवून, दुसऱ्या हाताने तपासावे. बोटांची टोके वापरू नयेत. मधल्या तीन बोटांची पेरे सपाट ठेवून, रुपयाच्या नाण्याएवढी लहान वर्तुळे फिरवत, एकाच जागी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोहोचेल असा दाब द्यावा. शेतात नांगर जसा एका तासाला लागून दुसरे तास घेत जातो, तसे काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत आणि गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत वर-खाली सरकत जावे. काख आणि स्तनाचा बाहेरचा वरचा भाग घाईत सोडू नये. निम्म्याच्या आसपास गाठी त्याच भागात सापडतात. खालच्या घडीशी लागणारी घट्ट कड ही पुष्कळ जणींना पहिल्यांदा गाठच वाटते. ती दोन्ही बाजूंना सारखी असेल तर तो शरीराचा नेहमीचा भाग आहे. शंका आली की आधी दुसऱ्या बाजूला त्याच जागी हात लावून पाहावा.

दुसरी पायरी: कोणता बदल थांबून पाहायचा नाही

स्तनात किंवा काखेत नव्याने लागलेली, आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळी आणि कडक गाठ. स्तनाच्या आकारात अलीकडे पडलेला फरक. कातडीला पडलेली खळी. संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रे दिसणारी कातडी. नव्याने आत ओढले गेलेले बोंड. एकाच बोंडातून आपोआप येणारे रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखे पातळ स्राव. आणि मलमे लावूनही न जाणारा बोंडावरचा खरपुडीचा किंवा इसबासारखा भाग, यांपैकी काहीही आढळले तर पुढची पाळी येईपर्यंतही वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांचे बोंड लहानपणापासूनच आत आहे त्यांनी घाबरू नये. इथे महत्त्व ‘नव्याने’ या शब्दाला आहे.

अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल, गरम आणि सुजलेला असेल तर बहुधा दूध साकळून जंतुसंसर्ग झालेला असतो व तो औषधाने बरा होतो. पण प्रतिजैविकांचा एक पूर्ण कोर्स घेऊनही लाली आणि सूज उतरली नाही, किंवा पाजत नसलेल्या बाईला अशी लाली आली, तर सोनोग्राफी मागून घ्यावी, कारण दाहासारखा दिसणारा कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार नेमका याच वेषात येतो. गरोदरपणातली गाठ ‘दुधाची असेल, बाळंतपणानंतर बघू’ म्हणून टाळली जाते. सोनोग्राफी आणि सुईने तुकडा घेणे या दोन्ही तपासण्या गरोदरपणात सुरक्षितपणे करता येतात.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. तपासायला आलेल्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. विशी-पंचविशीतल्या मुलीच्या स्तनात गोटीसारखी गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ बहुधा फायब्रोअडेनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ, असते, आणि चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी वारंवार आढळतात. पण हे हाताने ठरवायचे नसते. तपासणीने ठरवायचे असते.

वयात येणाऱ्या मुलींबाबत

आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान मुलीच्या बोंडाखाली बटणासारखी कडक, दाबल्यावर दुखणारी चकती तयार होते, आणि पुष्कळदा ती आधी एकाच बाजूला येते. आई घाबरून मुलीला घेऊन धावते. ही स्तनाची कळी आहे, गाठ नव्हे. ती कापली किंवा तिचा तुकडा घेतला तर त्या बाजूचा स्तन पुढे नीट वाढतच नाही, म्हणून कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या, शक्यतो मुलांच्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. दोन्ही बाजूंच्या वाढीत वर्ष-दोन वर्षांचा फरक राहू शकतो. या वयात कर्करोग अत्यंत दुर्मीळ आहे. त्यामुळे शाळकरी मुलींना दरमहा गाठ शोधायला लावणे म्हणजे निष्कारण धास्ती घालणे आहे. त्यांना आपल्या शरीराच्या भागांची नावे न लाजता घेता यावीत आणि काही वेगळे वाटले तर आईला, मोठ्या बहिणीला किंवा शाळेतल्या बाईंना सांगता यावे, एवढे पुरे. ‘छातीत काहीतरी झालंय’ असे मोघम बोलणाऱ्या बाईला हृदयाच्या तपासणीला पाठवले जाणे अशक्य नाही. स्तन हा शब्द उच्चारता येणे हीसुद्धा आरोग्याची गरज आहे.

तिसरी पायरी: पहिल्या आठवड्यात कोणाकडे जायचे

गाठ लागली की त्याच दिवशी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: कोणत्या बाजूला व कुठे लागली, किती तारखेला लागली, आणि शेवटची पाळी कधी आली. आईकडच्या किंवा वडिलांकडच्या नात्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते नाते आणि तेव्हाचे वय लिहावे. वडिलांकडची बाजू विचारायचे पुष्कळ जण विसरतात. दोष असलेले जनुक वडिलांकडूनही येते. तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रीची गाठ मऊ, पाळीबरोबर कमी-जास्त होणारी असेल तर डॉक्टर एक पाळी जाऊ देऊन पुन्हा बोलावतात, आणि तसे करणे योग्यच आहे. मात्र तो निर्णय त्यांनी तपासून घेतलेला असावा, आपण घरी बसून नव्हे.

खेड्यात पहिली विचारणा आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडे करावी. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे, आणि २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असे ठरले आहे. गाठ लागलेलीच असेल तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीत जावे. शहरात पुष्कळ स्त्रिया आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात. त्यात गैर काही नाही, पण स्तनाच्या गाठीचा पुढचा मार्ग सर्जनकडूनच जातो. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टर किंवा सोबतची बाई खोलीत असावी असे स्पष्ट म्हणावे. तो तुमचा हक्क आहे, आणि कोणत्याही जबाबदार डॉक्टरला त्याचे वाईट वाटत नाही. लेप, काढे आणि ‘गाठ विरघळवणाऱ्या’ पुड्या यांच्यासाठी या आठवड्यात जागा नाही.

चौथी पायरी: तीन तपासण्या, आणि त्याही याच क्रमाने

स्तनाच्या गाठीचे निदान तीन पायांवर उभे राहते: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, चित्र घेणारी तपासणी, आणि सुईने घेतलेला तुकडा. तिन्हींचे उत्तर जुळले तरच निदान पक्के मानायचे.

तिशी-पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये स्तनाची घडण दाट असते आणि मॅमोग्राफीत दाट भागही पांढरा, गाठही पांढरी दिसते, म्हणून आधी सोनोग्राफी करतात. त्यापुढच्या वयात बहुधा मॅमोग्राफी आणि तिच्या जोडीला सोनोग्राफी. मॅमोग्राफीला जाताना साडीऐवजी दोन तुकड्यांचा पोशाख बरा पडतो. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यातले कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. दोन पाट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो, ते नकोसे वाटते, पण क्ष-किरणांची मात्रा फार कमी असते.

रिपोर्टाच्या शेवटी बायरॅड्स असा शब्द आणि ० ते ६ यांपैकी एक आकडा असतो. पुष्कळ जण तो कर्करोगाची पायरी, म्हणजे स्टेज, समजून घाबरतात. तो संशयाचा आकडा आहे. ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी चित्रे हवीत. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे जे दिसते ते निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ म्हणजे संशयास्पद, तुकडा घ्यायलाच हवा. ५ म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता. ६ म्हणजे तुकड्याने आधीच सिद्ध झालेला. चार आकडा आला तरी त्यातल्या अनेक गाठी शेवटी साध्या निघतात, आणि तीन आला तरी सहा महिन्यांची तारीख चुकवायची नसते. एक गोष्ट मात्र पक्की: हाताला कडक गाठ लागत असेल आणि मॅमोग्राफी स्वच्छ असेल, तर स्वच्छ फिल्मवर समाधान मानून घरी येऊ नये.

सगळ्यांत जास्त लोक अडतात ते तुकड्यापाशी. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत शिकलेल्या घरांतही आढळते. प्रत्यक्षात जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, जाड सुईने तांदळाच्या दाण्याहून थोडे लांब असे काही तुकडे घेतात; टाका घालावा लागत नाही आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेण्याची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण तिने गाठीची पूर्ण ओळख पटत नाही. कर्करोग असेल तर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या पेशींवरच्या तीन ग्राहकांच्या (रिसेप्टरांच्या) चाचण्या कराव्या लागतात, आणि त्यांच्यावर औषध ठरते. त्यासाठी जाड सुईचा तुकडाच हवा.

इथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. निदान होण्याआधीच ‘लहानशी गाठ आहे, काढून टाकू, मग तपासायला पाठवू’ असे सुचवले गेले तर थांबावे. अशी शस्त्रक्रिया झाल्यावर गाठ कर्करोगाची निघाली, तर कडा स्वच्छ नसल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ज्या रुग्णाला आधी केमोथेरपी द्यायला हवी होती तिच्याबाबत गाठ आटते की नाही हे पाहण्याची संधीच जाते. आधी सुई, मग सुरी.

खर्च आणि कागद

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालते आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना दर वर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्रांचा कक्ष असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन तिथे पहिल्याच दिवशी नोंद करावी. निदानाआधीच्या सगळ्या तपासण्या योजनेत बसतीलच असे धरून चालू नये, म्हणून त्या शक्यतो शासकीय रुग्णालयात कराव्यात. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयाचे कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय ही या कामातली जुनी, ओळखीची ठिकाणे आहेत. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या बाईने प्रत्येक वेळी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही.

काही त्रास नसलेल्यांनी काय करावे

मुंबईत १९९८ साली टाटा मेमोरियलने ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की या स्त्रियांचे कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत तसा फरक आढळला नाही. यंत्र नाही म्हणून काही करता येत नाही, ही सबब या अभ्यासाने पुरती मोडून काढली आहे. गोव्यात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहिमेत हातात धरण्याच्या छोट्या यंत्राने तपासणी केली गेली. अशा यंत्राने शंका दाखवली तरी पुढे वर सांगितलेल्या तीन तपासण्या कराव्याच लागतात.

म्हणून तिशीनंतर प्रशिक्षित हाताकडून नियमित तपासणी, आणि परवडत व मिळत असेल तर चाळिशी-पन्नाशीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन वर्षांनी मॅमोग्राफी, असा क्रम ठेवावा. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल तर त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून तपासणी सुरू करण्याचा प्रघात आहे. आईला ४५ व्या वर्षी झाला असेल तर मुलीने ३५ व्या वर्षी. अनेक नातेवाइकांना किंवा फार तरुण वयात झाला असेल तर ब्राका जनुकांची (ज्यांत दोष असला तर हा कर्करोग होण्याची शक्यता वाढते) रक्तचाचणी करावी का, हे जनुकीय समुपदेशकाला विचारावे. घराण्यात कोणालाच नव्हता म्हणून आपल्याला होणार नाही, हा तर्क मात्र चालत नाही. जनुकीय वारशामुळे होणारे कर्करोग दहांत फार तर एक असतात. काळी ब्रा, डिओडरंट किंवा लागलेला मार यांनी कर्करोग होतो असा पुरावा नाही. मार लागल्यावर हात त्या जागी जातो आणि आधीची गाठ तेव्हा सापडते, एवढेच.

रिपोर्ट हाती आल्यावर

तुकड्याचा रिपोर्ट कर्करोगाचा आला तर प्रयोगशाळेतून मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्याव्यात. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा पाहिल्या जातात, आणि त्या जवळ असल्या तर दुसऱ्यांदा सुई घ्यावी लागण्याची शक्यता कमी होते. दुसरे मत जरूर घ्यावे, पण दोन-तीन आठवड्यांत घ्यावे.

रिपोर्ट साधा आला तर सर्जनला एकच प्रश्न विचारावा: हाताला जे लागले, चित्रात जे दिसले आणि तुकड्यात जे आले, ते तिन्ही जुळते का? चित्राचा आकडा ५ असताना तुकडा साधा निघाला असेल, तर सुई गाठीच्या बाजूने गेलेली असू शकते आणि तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. तिन्ही जुळले तर पुढची तारीख विचारून घ्यावी आणि फिल्म, सोनोग्राफीचे कागद व तुकड्याचा रिपोर्ट एका पिशवीत घालून शिधापत्रिकेबरोबर ठेवावा. दोन वर्षांनी पुन्हा मॅमोग्राफी केली तर नव्या फिल्ममधला बारीकसा ठिपका नवा आहे की जुनाच, हे डॉक्टरांना जुन्या फिल्मवरूनच सांगता येते.